मोठ्या मास्तरांची मान

पोलादपूरच्या मराठी शाळेत दुय्यम शिक्षक म्हणून रुजू झालो, त्या सकाळी मी मोठ्या मास्तरांना पाठीमागून नमस्कार केला. ते फळ्यावर तारीख लिहीत होते. त्यांनी मान वळवली नाही, खडूही थांबवला नाही. तारीख पुरी केली, तिच्याखाली रेघ मारली आणि फळ्याकडेच बघत म्हणाले, "समोर या."

मी वळसा घालून समोर गेलो.

"हां, आता बोला. पाठीमागून बोललेलं मला उपयोगाचं नाही."

माणूस भलताच मानी दिसतोय, असं मनात आलं. पुढे कळलं की गावाचंही तेच मत होतं. काहींना तो ताठा आवडायचा, काहींच्या तो डोळ्यांत सलायचा, एवढाच फरक.

हे एकोणीसशे तीस सालानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतलं. महाडहून पोलादपूरला सर्व्हिस मोटार यायला लागून फार दिवस झाले नव्हते. मोटार आली की अर्धा बाजार अजून ती बघायला उभा राहायचा. मोठे मास्तर म्हणजे आमचे हेडमास्तर. पन्नाशीला आलेले, सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, आणि मान खांद्यांत रोवून बसवल्यासारखी. त्यांना कोणी हाक मारली की ते आधी थांबत, मग पावलं फिरवत आणि छातीसकट सगळेच्या सगळे वळत. रस्ता ओलांडायचा झाला तर एक पूर्ण गिरकी घेत. मोटारी सुरू झाल्यापासून ही गिरकी बघायला स्टँडवरची माणसं टपून असायची.

त्यांच्या सगळ्या दिवसाची रचना त्या मानेभोवती होती. वर तोंड करून पाणी पिता यायचं नाही म्हणून ते पूजेच्या झारीने पाणी पीत. न्हावी त्यांच्याभोवती फिरून हजामत करी. झोपायला सागवानी फळी, उशी नाही. फळ्याच्या कोपऱ्यात खिळ्याला हजामतीचा आरसा टांगलेला, आणि वर्गाकडे पाठ करून लिहिता लिहिता ते त्यात बघून म्हणायचे, "तिसऱ्या ओळीतले चौथे, तुम्ही पाटीवरची पेन्सिल खाताय. ती लिहायची असते." पहिलीतल्या शेंबड्या पोरालाही ते 'तुम्ही' म्हणत. "तुम्ही आधी नाक पुसा, मग पाढे म्हणा."

एकदा मामलेदार शाळा बघायला आले. आम्ही सगळे कमरेत वाकलो. मोठे मास्तर सरळ उभे राहून हात जोडते झाले. गावातल्या चळवळीच्या पोरांना ते इतकं आवडलं, की संध्याकाळी चौघेजण हार घेऊन त्यांच्या घरी गेले. "सरकारी माणसापुढं वाकला नाय तुमी!" मोठे मास्तर म्हणाले, "मला वाकता येत नाही हो. मानेचं दुखणं आहे." पोरांना वाटलं, हा विनय आहे. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या.

खरं म्हणजे त्यांच्याइतका खरं बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते उशिरा आले तर शाळेच्या दप्तरात स्वतःच्या हाताने लिहीत, 'आज मी सात मिनिटे उशिरा आलो, कारण आळस.' पोरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं, तर तो प्रश्न फळ्याच्या वरच्या कडेला लिहून पुढे 'मला माहीत नाही' असं लिहीत. फणस खोडालाच का लागतो, हा प्रश्न चार महिने फळ्यावर होता. खोटं बोलणाऱ्या पोराला मात्र छडी. बाकी कशालाही छडी नाही.

पौष महिन्यात एकदा मी शाळेचे नकाशे आणि खडूच्या पेट्या आणायला महाडला गेलो. परत येताना मोटारीत मागच्या बाकावर जागा मिळाली. पोलादपूर दोनेक मैल राहिलं असेल. म्हशी रस्ता ओलांडत होत्या म्हणून ड्रायव्हरने मोटार उभी केली. मी मान वळवून खाली सावित्रीच्या पात्रात धुणं धुणाऱ्या बायकांकडे बघत होतो. मागून मिठाची पोती भरून घाटाकडे निघालेली एक लॉरी आली, आणि तिचा ब्रेक जरा उशिरा लागला.

धक्का फार मोठा नव्हता. एकाची टोपी उडून पुढच्याच्या मांडीवर पडली आणि सगळे हसले. मला एक क्षण असं वाटलं की मी पुढे गेलो आणि डोकं मागेच राहिलं, आणि मग डोकं मागून धावत आलं. एवढंच. रक्ताचा थेंब नाही, खरचटलंही नाही. म्हशींना शिव्या देण्यात ड्रायव्हरला मी साथ दिली, पेट्या उतरवून घेतल्या, घरी चालत गेलो, आणि जेवताना बायकोला हे सगळं गंमत म्हणून सांगितलं.

सकाळी जाग आली तेव्हा डोकं उशीवरून उठेना.

ते दुखत होतं असं म्हणणं पुरेसं नाही. ते माझं नव्हतंच. मी उठायचा हुकूम देत होतो आणि मान ऐकत नव्हती. शेवटी दोन्ही हातांनी केस धरून मी माझंच डोकं नारळासारखं उचललं आणि भिंतीला टेकवलं. मानेच्या मुळापासून एक कळ निघून टाळूवरून उजव्या डोळ्यात उतरली. हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. घर गरगरलं. काल हसत घरी आलेला माणूस आज असा का झाला, हेच मला समजेना. मी इतका हादरलो होतो की बायकोला हाक मारायचीही भीती वाटली. हाक मारायला तोंड उघडलं आणि मान तुटली तर?

लोक बघायला आले. बघण्यासारखं काहीच नव्हतं. "लागलंय कुठं?" म्हणून विचारत आणि मी मान दाखवली की एकमेकांकडे बघत. बाहेर पडल्यावर एकाचे शब्द मला ऐकू आले. "रक्त नाय, सूज नाय. मास्तराला सुट्टी पायजे, दुसरं काय." लाज वाटली ती वेगळीच. चार दिवसांनी मलाही शंका यायला लागली, की आपण सोंग तर करत नाही ना?

पाचव्या दिवशी शेजारच्या वाडीतला एक मान बसवणारा गडी आला. हाताला तेल लावलं, एक पंजा माझ्या हनुवटीखाली घातला, दुसरा टाळूच्या मागे. "भ्यायचं नाय मास्तर. एक हिसडा देतो. कट्ट करून वाजंल, की मोकळी झाली बघा."

"हात काढा!"

दारात मोठे मास्तर उभे होते. त्यांचा एवढा आवाज शाळेत कधी कोणी ऐकला नव्हता. गड्याने हात काढले. मोठे मास्तर माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी कोणीही न विचारलेले प्रश्न विचारले. धक्का पुढून की मागून? तेव्हा मान सरळ होती की वळलेली? दुखणं लगेच आलं की रात्र उलटून? मुंग्या कोणत्या बोटांना? मी सांगत गेलो तसतसे त्यांचे डोळे भरून आले. "अगदी तेच," ते म्हणाले. "अगदी माझंच."

मग त्यांनी त्यांची हकिकत सांगितली. वीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन दोन महिने झाले असताना, ते बैलाच्या दमणीतून घाट उतरत होते. चाक खड्ड्यात गेलं, दमणी आदळली आणि दुसऱ्या दिवशी मान उठेना. घाटावरच्या एका मोठ्या डॉक्टरला दाखवलं. त्याने मान चाचपली आणि म्हणाला, "तुमची मान आता एका धाग्यावर आहे. वळवलीत की धागा तुटला. संपलं."

"तो धागा मी वीस वर्षं सांभाळलाय," मोठे मास्तर म्हणाले. "तुमचाही सांभाळू."

आम्ही ज्याला ताठा म्हणत होतो, तो हा होता. हा माणूस वीस वर्षं प्रत्येक पाऊल मरणाच्या भीतीने टाकत होता आणि आम्ही स्टँडवर उभे राहून त्याच्या गिरक्या मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा जुना चामडी पट्टा आणला. खोगीर शिवणाऱ्याकडून करून घेतलेला, आतून लोकर, मागे दोन बंद. तो त्यांनी माझ्या गळ्याला बांधला. दुखणं खरोखर थोडं कमी झालं. मग ते रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर येऊ लागले. एखाद्याने मुलाला पोहायला शिकवावं तितक्या मायेने त्यांनी मला न हलता जगायला शिकवलं. अंथरुणातून कुशीवर न वळता कसं उठायचं, झारीने पाणी कसं प्यायचं, कोणी हाक मारली तर पावलं कशी फिरवायची. मी सगळं शिकलो. दोन आठवडे गेले, चार गेले, सहा गेले. पट्टा काढला की डोकं जास्तच जड वाटायचं, म्हणून पट्टा काढेनासा झालो. गावात म्हणू लागले, "एका शाळंला दोन खांब झालं."

एका संध्याकाळी मोठे मास्तर कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मी सोडून बघितलं. हजामतीचा आरसा होता.

"वर्गात लागेल," ते म्हणाले.

ते गेल्यावर माझी बायको आत जाऊन रडायला लागली. ती कुडपणच्या बाजूची, डोंगरातली, सहजी रडणारी नव्हे. "मला नाय बघवत," ती म्हणाली. "चोवीस वरसांचं तुमी. आरशात बघून जगायचं काय जलमभर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी, मोठे मास्तर शाळेत असताना, त्यांच्या पत्नी आमच्याकडे आल्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. बुटक्या, अबोल बाई. कोणाच्या घरी फारशा जात नसत. वाटीत साईचं दही झाकून आणलं होतं. वाटी खाली ठेवली तरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्याच राहिल्या.

"बसा ना गो काकू," माझी बायको म्हणाली.

"बसत नाही. एक सांगायचंय. पण हे माझ्याकडून आलं, असं त्यांना कधी कळता कामा नये."

आम्ही कबूल केलं.

"ते झोपेत मान वळवतात," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "कोण?"

"कोण म्हणजे? हेच. झोप गाढ लागली की वळवतात. डावीकडे, उजवीकडे. अगदी तुमच्याआमच्यासारखी. वीस वर्षं बघतेय मी."

बायको माझ्याकडे बघत होती, मी काकूंकडे. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कोणी उठलं नाही.

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"पहिल्या वर्षी एकदा सांगितलं. त्यांना वाटलं, मी त्यांना खोटं ठरवतेय. दोन दिवस जेवले नाहीत. मग परत कधी नाही." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "त्यांचं झालं ते झालं. तुमच्या गळ्यात तो पट्टा बघितला आणि मला राहवेना. धागाबिगा काही नाही हो. धागा असता तर पहिल्याच रात्री तुटला असता."

त्या गेल्या. माणूस खोटं बोलत नाही, सोंग करत नाही, आणि तरीही त्याची मान दिवसा वळत नाही नि झोपेत वळते! हे असं असू शकतं, यावर माझा विश्वास बसेना. मग हळूहळू दुसरा विचार आला आणि त्याने मी जास्त घाबरलो. माझी मान झोपेत काय करत होती?

"तुमीपण वळवता," बायको भिंतीकडे बघत म्हणाली. "पट्टा सैल असला की. मला वाटलं, सांगितलं तर भ्याल."

महाडला तेव्हा एक म्हातारे डॉक्टर होते. जर्मन लढाईच्या वेळी पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडे जाऊन आलेले. दुसऱ्याच दिवशी बायकोने मला मोटारीत घातलं. पुढच्या बाकावर. सगळा रस्ता मी डोळे मिटून बसलो होतो.

डॉक्टरांनी पट्टा सोडला. मानेचा एकेक मणका अंगठ्याने दाबून बघितला, दोन्ही हातांनी त्यांची बोटं आवळायला लावली, खोलीत एका रेषेवर चालवलं, पायांच्या तळव्यांवर टाचणी टोचून बघितली. मग खुर्ची ओढून म्हणाले, "मोटार मागून ढकलली गेली. बाकाने तुमचं अंग पुढे नेलं. डोक्याला कोणी ढकललं नाही, ते जागेवरच राहिलं. मग ते झटक्याने आलं. त्या झटक्यात मानेतलं मांस आणि दोरे ताणले गेले, थोडे फाटलेही असतील. हाड मोडलेलं नाही. मोडलं असतं, किंवा हातापायांतली ताकद गेली असती, तर मीच तुम्हाला फळीवर बांधून ठेवलं असतं."

"पण दुखतं, डॉक्टर."

"दुखणारच. पहिले चार-सहा दिवस जपायचं, ते बरोबर होतं. ताणलेलं महिन्या-दीड महिन्यात भरून येतं. तुम्ही मात्र ते भरत असताना बांधून ठेवलंत, त्यामुळे मान आखडली. आता हलवली की आखडलेलं दुखतं, दुखलं की तुम्ही भिता, भ्यालात की आणखी आखडते." ते पुढे वाकले. "दुखणं वेगळं आणि मोडणं वेगळं. एवढं एक समजलं की तुम्ही अर्धे बरे झालात."

त्यांनी उपाय म्हणून जे दिलं ते ऐकून मी थक्क झालो. पट्टा पेटीत टाकायचा. दर तासाला हळूच डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, जिथे ताण येईल तिथे पाच अंक मोजायचे, परत यायचं. हिसडा नाही, जोर नाही. गरम पाण्याने शेक. शाळेत जायचं. आणि दुखलं तर घाबरून परत बांधून घ्यायचं नाही.

पहिल्या दिवशी मान चार बोटं वळली आणि मला घाम फुटला. तो दुखण्याचा घाम नव्हता, भीतीचा होता. आठवडाभराने वीतभर वळली. मधेच एक दिवस असा आला की पुन्हा सगळं पहिल्यासारखं दुखलं, डोळ्यात कळ गेली, आणि मी पट्टा शोधायला पेटी उघडली. बायको पेटीवर बसली. "मोजा पाच," म्हणाली.

मोठ्या मास्तरांना सांगायचा धीर होत नव्हता, म्हणून त्यांच्यासमोर आणि शाळेत मी अजून पट्टा बांधूनच असायचो. महिन्याभराने मी पट्ट्याशिवाय शाळेत गेलो.

मोठ्या मास्तरांनी मला आरशात बघितलं. खडू खाली पडला. तास त्यांनी कसाबसा पुरा केला, आणि मधल्या सुट्टीत पोरं अंगणात गेल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले, "पट्टा कुठे आहे?"

"डॉक्टरांनी काढायला सांगितला." मी त्यांना दाखवायला मान वळवली.

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. कोणी कड्यावरून उडी मारताना आपण मिटून घेऊ, तसे. "करू नका! तुम्ही मरायला निघालाय, आणि मला ते बघायला लावताय!"

"मोठे मास्तर, धागा नसतो. तुमचाही नाही. तुम्ही महाडला चला."

"म्हणजे मी वीस वर्षं सोंग करतोय?"

"तसं नाही—"

"मग कसं? एक तर धागा आहे, नाही तर मी खोटारडा आहे. तिसरं काय?"

मला तिसरं सांगता आलं नाही. माझा तोल गेला. "मग तुमची मान झोपेत कशी वळते?"

तोंडातून निघालं आणि मला कळलं, मी काय केलं ते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "कोणी सांगितलं?" असं ते म्हणाले, पण उत्तराची वाट बघितली नाही. ते सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं. त्यांनी कोटाची बटणं चाचपली, टोपी घेतली आणि घंटा व्हायच्या आत शाळेतून निघून गेले. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. पोरं रांगेत उभी राहून बघत होती. मी काकूंना दिलेला शब्द मोडला होता आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

घरी जाऊन त्यांनी काकूंना एक शब्द विचारला नाही. हे सगळं काकूंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी शाळेच्या दाराला लावायचा उरलेला गेरू कालवला. झोपायची फळी पुसली. डोकं टेकतं तिथे मधला वीतभर भाग कोरा सोडून दोन्ही बाजूंना जाड गेरू फासला. सरळ झोपलं आणि मान हलली नाही, तर अंगाला काही लागायचं कारण नव्हतं. मग ते त्या कोऱ्या जागी डोकं ठेवून आडवे झाले.

सकाळी उन्हं यायच्या वेळेला माझं दार वाजलं. उघडलं तर मोठे मास्तर. अंगात सदरा, डोक्याला टोपी नाही, पायात काही नाही. भरल्या बाजारातून ते तसेच चालत आले होते. मागे चार-पाच माणसं तोंडाला हात लावून उभी होती. त्यांचे दोन्ही कान, दोन्ही गाल, कानशिलांपर्यंत लालभडक होते.

"बघ," ते म्हणाले. मला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "दोन्हीकडे आहे?"

"दोन्हीकडे आहे."

"नीट बघ. डावीकडे?"

"डावीकडे जास्त आहे."

ते माझ्या पायरीवर बसले. हात गुडघ्यांवर, मान अजून सरळच. मग म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे."

"मला ठाऊक आहे."

"पोरांनी असं सांगितलं, तर मी त्यांना छडी मारतो."

बायकोने तपेलीतून पाणी आणलं. ते तोंड धुवायला तयार होईनात. पुरावा पुसला जाईल असं त्यांना वाटत होतं की काय कोण जाणे. शेवटी मीच पंचा भिजवून त्यांचे गाल पुसले.

पुढचे आठ-दहा दिवस ते झोपले नाहीत. काकू सांगायच्या, फळीवर उठून बसतात. डोळा लागला की आपण काय करू याचीच त्यांना धास्ती बसली होती. "आणखी काय काय करत असेन मी, जे मला ठाऊक नाही?" असं त्यांनी एकदा मला विचारलं. त्यांचे डोळे खोल गेले, आवाज बसला. मी त्यांना बरं केलं की मारलं, हे मला कळेना.

मग एका सोमवारी ते स्वतःच म्हणाले, "महाडला जाऊ." ते मोटारीत पहिल्यांदा बसले, माझा हात धरून.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मान तपासली आणि म्हणाले, "वीस वर्षं न हललेले सांधे आहेत. सगळं परत येणार नाही. निम्मं येईल."

"मी सोंग केलं का?" मोठ्या मास्तरांनी विचारलं. ते फक्त एवढंच विचारायला आले होते, असं मला वाटलं.

"नाही. तुम्हाला एका माणसाने भीती घातली आणि तुम्ही ती इमानदारीने पाळलीत. झोपेत भीती नसते, म्हणून मान वळते." डॉक्टरांनी हात धुतले आणि पुसत राहिले. "आम्ही लोक एक वाक्य बोलतो नि दुसऱ्या रोग्याकडे वळतो. ते वाक्य घेऊन माणूस घरी जातो, हे आमच्या लक्षात राहत नाही."

त्यानंतर रोज सकाळी शाळेच्या आधी आम्ही दोघे नदीकाठच्या एका खडकावर बसून माना वळवायचो. डावीकडे, पाच. उजवीकडे, पाच. नदीवर येणाऱ्या बायका पदराआड हसायच्या. "मास्तर काय शोधतायत गो?" मोठे मास्तर मोजायचे मोठ्याने, पाढ्यांसारखं, आणि कपाळावरून घाम गळत असायचा. महिनाभर तर त्यांची मान दोन बोटांपलीकडे गेली नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा ते मधेच थांबले आणि ओरडले, "अरे!"

मी दचकलो. "काय झालं?"

"ह्या कोटाला खांद्यावर ठिगळ आहे! आणि तेही भुऱ्या कापडाचं! मला कोणीच सांगितलं नाही!"

त्यांची मान डावीकडे निम्मी आली, उजवीकडे थोडी कमी. वाकून नमस्कार करण्याइतकी हनुवटीही खाली यायला लागली. चळवळीच्या पोरांना ते आवडलं नाही. मोठे मास्तर नरमले, असं ती म्हणायची. मोठ्या मास्तरांनी शाळेच्या दप्तरात स्वतःच्या हाताने लिहिलं, 'माझ्या मानेत दोष नव्हता. हे मला समजण्यास वीस वर्षे लागली. माझ्या चुकीच्या सल्ल्यामुळे दुय्यम शिक्षकांचे दुखणे लांबले.' ते पान वरिष्ठांना दाखवू नका म्हणून मी पाया पडलो. त्यांनी ऐकलं नाही.

पेन्शन घेतल्यावर सहा-सात वर्षांनी ते वारले. मी तेव्हा दुसऱ्या गावी होतो, उशिरा कळलं. काकू महाडला पुतण्याच्या घरी राहायला गेल्या होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा पडवीत बसून त्या सुपात कुळीथ निवडत होत्या. मी शब्द मोडला होता, त्याची माफी इतक्या वर्षांत मागायची राहून गेली होती. ती मागितली.

"बरंच झालं मोडलात ते," त्या म्हणाल्या.

"मला एकच कळत नाही, काकू. ते दोन दिवस जेवले नाहीत, एवढ्यासाठी तुम्ही वीस वर्षं गप्प राहिलात?"

काकूंची बोटं सुपात फिरत राहिली.

"तसं मी तुम्हाला सांगितलं खरं," त्या म्हणाल्या. "पण ते सगळं नव्हे. फळीच्या शेजारी माझी चटई असायची. पहाटे मला जाग यायची, तेव्हा ते माझ्याकडे तोंड करून निजलेले असत. दिवसभर त्यांना कोणाकडे बघायचं तर सगळं अंग फिरवून, मास्तरासारखं बघायचे. माझ्याकडेसुद्धा. पहाटे मात्र नुसती मान वळलेली असायची. लग्न झाल्यावरचे दोन महिने वळायची तशी. डोळे मिटलेले असले म्हणून काय झालं?"

मी खाली सांडलेले दोन दाणे उचलून सुपात टाकले.

"पुन्हा सांगितलं असतं तर त्यांनी दोन्ही कानांशी विटा लावून झोपायला सुरुवात केली असती. मी काय ओळखत नव्हते त्यांना? मग तेवढंही गेलं असतं. रोज ठरवायची, उद्या सांगू. आणि रोज पहाट व्हायची."

"मोठ्या मास्तरांना हे कधी सांगितलंत का?"

काकूंनी सुपातला एक खडा उचलला, निरखून बघितला आणि अंगणात टाकला.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्यांची वीस वर्षं मी त्या पहाटेपायी खाल्ली. ते कोणत्या तोंडाने सांगू?"